मूल होत नाही म्हणून सुया : अ‍ॅक्युपंक्चरकडून काय अपेक्षा ठेवावी?

काही दिवसांपूर्वी रत्नागिरी जिल्ह्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आमच्याकडे आले. नाव-गाव छापू नका, अशी विनंती पहिल्याच ओळीत होती. लग्नाला पाच वर्षे झाली, वय तेहतीस, अजून मूल नाही. सासूबाईंची बहीण मुंबईत राहते. त्या खालांच्या इमारतीतील एका सुनेला सुया टोचून घेतल्यावर दिवस गेले, असे त्यांनी फोनवर सांगितले. झाले, घरात ठरून गेले की हिनेही तीन महिने खालांकडे राहायचे आणि आठवड्यातून दोनदा अ‍ॅक्युपंक्चर घ्यायचे. एकूण चोवीस बैठका, पैसे आगाऊ.

भगिनीने तीन प्रश्न विचारले होते. या सुयांनी खरेच गुण येतो का? आपल्या दीनमध्ये हा उपचार चालतो का? आणि तिसरा : "मी नको म्हटले, तर मलाच मूल नको आहे, असे होईल का?"

पत्राच्या शेवटी तिने जाता जाता लिहिले होते की तिच्या पतीची तपासणी अजून झालेली नाही. त्यांना तसे कोणी सांगितलेच नाही.

आम्ही तिला उत्तर पाठवले. पण अशी विचारणा करणारी ती पहिली नाही. अनेक घरांत हा विषय दबक्या आवाजात चालतो आणि ऐकीव माहितीवर निर्णय होतात. म्हणून या उपचाराविषयी सविस्तर लिहीत आहोत.

ही पद्धत आली कुठून?

अ‍ॅक्युपंक्चर ही चीनची पद्धत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी ग्रंथांत तिचे वर्णन आहे. शरीरात 'ची' नावाची जीवनशक्ती ठराविक मार्गांनी वाहते, तिच्या वाटेत अडथळा आला की आजार होतो आणि त्या मार्गांवरील बिंदूंवर सुई टोचली की अडथळा दूर होतो, अशी तिची जुनी मांडणी आहे. आजच्या शरीरशास्त्राला असे मार्ग सापडलेले नाहीत. मात्र सुई टोचल्याने मज्जातंतू उत्तेजित होतात आणि वेदना कमी करणारी द्रव्ये शरीरात सुटतात, हे मान्य झालेले आहे.

भारतात ही पद्धत येण्यामागे एक गोष्ट आहे, आणि तिचा एक धागा आपल्या महाराष्ट्रात आहे. १९३८ साली जपानने चीनवर हल्ला केलेला असताना भारतातून पाच डॉक्टरांचे पथक चीनला गेले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ते १९४२ साली तिथेच वारले. त्यांचे सहकारी, बंगालचे डॉ. विजयकुमार बसू भारतात परतले. पुढे १९५०च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले आणि कोलकात्यात त्यांनी हे उपचार सुरू केले. केंद्र सरकारने २०१९ साली अ‍ॅक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रात तर त्यासाठी वेगळा कायदा आहे आणि उपचारकांच्या नोंदणीची परिषदही आहे.

आपल्याकडे काही जण याची हिजामाशी गल्लत करतात. हिजामात पेला लावून त्वचेवर बारीक छेद देतात आणि रक्त काढतात. अ‍ॅक्युपंक्चरमध्ये रक्त काढत नाहीत आणि सुईतून औषधही देत नाहीत. या दोन वेगळ्या पद्धती आहेत.

खोलीत नेमके काय होते?

न गेलेल्या बहिणींना भीती असते ती सुईची. इंजेक्शनची सुई पोकळ आणि जाड असते. ही सुई भरीव आणि केसापेक्षा थोडीशीच जाड असते. उपचारक आधी पाळीची, झोपेची, पचनाची चौकशी करतात, नाडी आणि जीभ पाहतात. मग पडून राहायला सांगतात आणि पाय, हात, पोट, कधी कान किंवा डोके अशा जागी सुया टोचतात. टोचताना मुंगी चावल्यासारखे वाटते, नंतर त्या जागी जडपणा जाणवतो. वीस ते तीस मिनिटे सुया तशाच ठेवतात. काही ठिकाणी त्यांना अगदी सौम्य विजेचा प्रवाह जोडतात.

पुष्कळ स्त्रियांना या वेळात डुलकी लागते. दिवसभर घरकामात असलेल्या आणि मनावर एवढे ओझे असलेल्या बाईला अर्धा तास कोणीही हाक न मारता पडून राहायला मिळते, ही गोष्टही लहान नव्हे.

अभ्यास काय सांगतात?

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. अमकीला गुण आला, हे आपण सगळेच ऐकतो. पण जिला गुण आला ती सांगते. वीस बैठका घेऊनही जिची ओटी रिकामी राहिली ती कोणाला सांगायला जात नाही. शिवाय उपचार न घेताही काहींना वर्ष-दोन वर्षांनी दिवस जातात. म्हणून खरे काय ते कळायला दोन सारखे गट करावे लागतात. एका गटाला खरा उपचार, दुसऱ्याला तसाच दिसणारा खोटा उपचार, आणि शेवटी किती बाळे जन्मली याची मोजणी.

सुरुवात आशेने झाली होती. १९९६ साली स्वीडनमध्ये दहा स्त्रियांवर एक छोटा अभ्यास झाला. विजेचा प्रवाह जोडलेल्या सुयांनंतर गर्भाशयाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांतील अडथळा कमी झाल्याचे त्यात दिसले. गर्भाशयाचा रक्तपुरवठा सुधारतो, हे वाक्य जाहिरातींत आले ते अशा अभ्यासांवरून. पण त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.

मग २००२ साली जर्मनीतील एका अभ्यासाने जगभर खळबळ उडवली. आयव्हीएफ, म्हणजे आपण ज्याला टेस्ट ट्यूब बेबी म्हणतो, तो उपचार घेणाऱ्या १६० स्त्रियांचे दोन गट केले. गर्भ गर्भाशयात सोडण्याच्या आधी आणि नंतर ८० जणींना सुया टोचल्या. उरलेल्या ८० जणी तेवढाच वेळ नुसत्या पडून राहिल्या. सुयांच्या गटात ३४ जणींना गर्भ राहिला, दुसऱ्या गटात २१ जणींना. फरक मोठा होता. पण दुसऱ्या गटाला आपल्याला सुया मिळालेल्या नाहीत हे माहीत होते, आणि आकडाही लहान होता.

म्हणून पुढे मोठे आणि अधिक काटेकोर अभ्यास झाले. त्यांतील एक ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये झाला आणि २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात आयव्हीएफ घेणाऱ्या ८४८ स्त्रिया होत्या. एका गटाला खऱ्या सुया. दुसऱ्या गटाला भलत्याच जागी ठेवलेल्या, कातडीत न शिरणाऱ्या बोथट सुया. शेवटी खऱ्या सुयांच्या गटात १८.३ टक्के स्त्रियांना बाळ झाले, खोट्या सुयांच्या गटात १७.८ टक्के. म्हणजे फरक नाहीच.

दुसरा अभ्यास पीसीओएस असणाऱ्या भगिनींनी नीट वाचावा. या विकारात पाळी अनियमित होते, वजन वाढते, चेहऱ्यावर केस येतात आणि स्त्रीबीज वेळेवर बाहेर पडत नाही. अ‍ॅक्युपंक्चर खुद्द चीनचे. तेव्हा चीनमधीलच अशा १००० स्त्रियांवर अभ्यास झाला आणि २०१७ साली त्याचे निष्कर्ष आले. त्यांचे चार गट होते. कोणाला खऱ्या सुया आणि क्लोमिफेन ही स्त्रीबीज तयार होण्याची गोळी, कोणाला नावापुरत्या वरवर टोचलेल्या सुया आणि तीच गोळी, कोणाला खऱ्या सुया आणि औषध नसलेली गोळी, तर कोणाला दोन्ही खोटे. आठवड्यातून दोन बैठका, चार महिन्यांपर्यंत.

निकाल असा. गोळी आणि खऱ्या सुया घेणाऱ्या २९.४ टक्के स्त्रियांना बाळ झाले. गोळी आणि नावापुरत्या सुया घेणाऱ्या २८ टक्के स्त्रियांना झाले. ज्यांना गोळीच नव्हती, त्यांच्यात खऱ्या सुयांवर १३.९ टक्के आणि नावापुरत्या सुयांवर १६.८ टक्के. म्हणजे जवळजवळ दुप्पट फरक पाडला तो गोळीने. सुयांनी त्यात काही भर घातली नाही. ही गोळी जुनी आहे आणि इथल्या कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळते. अर्थात ती स्वतःच्या मनाने घ्यायची नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची.

मग सुया अगदीच निरुपयोगी का?

असे आम्ही म्हणणार नाही. वेदनेवर, विशेषतः जुनाट पाठदुखी, गुडघेदुखी आणि डोकेदुखीवर, अ‍ॅक्युपंक्चरचा काही उपयोग होतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. मूल होण्याचे उपचार घेताना मनावर येणारा ताण सुयांनी हलका झाल्याचेही पुष्कळ स्त्रिया सांगतात. झोप लागत असेल, धीर येत असेल आणि पैसा परवडत असेल, तर डॉक्टरांच्या उपचाराला जोड म्हणून सुया घ्यायला हरकत नाही.

अडचण होते ती जोड म्हणून न घेता डॉक्टरांच्या उपचाराऐवजी सुया घेतल्या की. बीजवाहिन्या बंद असतील तर सुईने त्या उघडत नाहीत. पुरुषाच्या वीर्यात शुक्राणूच नसतील, तर पत्नीच्या पायात कितीही सुया टोचल्या तरी काय होणार? आणि स्त्रीचे वय थांबत नाही. पस्तिशीनंतर स्त्रीबीजांची संख्या आणि प्रत झपाट्याने उतरते. तेहतिसाव्या वर्षी सुयांत, मग मुळ्या-पुड्यांत, मग कोणा आमिलच्या ताविजात दोन वर्षे गेली, तर ती परत मिळत नाहीत. पैसा पुन्हा कमावता येतो, ही दोन वर्षे कुठून आणणार?

आधी वर्षे नीट मोजा

आमच्या पत्रलेखिकेचे पती लग्नानंतर साडेतीन वर्षे कतारला होते. वर्षाकाठी पंचेचाळीस दिवस सुट्टी. कोकणातल्या किती घरांची हीच कहाणी आहे! सासूबाई पाच वर्षे मोजतात, पण पती-पत्नी सलग एकत्र राहिले ते गेले दीड वर्ष. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे बारा महिने नियमित संबंध असूनही गर्भ राहिला नाही, तर त्याला वंध्यत्व म्हणतात. पती परदेशी असतानाची वर्षे यात धरायची नाहीत. सुट्टीचे पंचेचाळीस दिवस संपले आणि दिवस गेले नाहीत म्हणून कोणत्याही सुनेला बोल लावणे हा सरळ अन्याय आहे.

मात्र एकत्र राहून वर्ष उलटले असेल तर थांबू नये. स्त्रीचे वय पस्तीसच्या पुढे असेल, तर सहा महिन्यांनीच तपासणी करावी. पाळी फारच अनियमित असेल किंवा पूर्वी पोटाचे ऑपरेशन अथवा क्षयरोग झालेला असेल, तर त्याआधीच जावे.

आणि त्यासाठी मुंबईला तीन महिने एकटीने राहायचे? गर्भ राहावा म्हणून पत्नीला पतीपासून तीन महिने दूर ठेवायचे, हे ठरवताना घरातल्या कोणाच्याच लक्षात आले नाही, याचे आम्हाला नवल वाटले.

तपासणी दोघांची

मूल न होण्याच्या प्रकरणांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचे कारण एकटे किंवा स्त्रीच्या कारणाबरोबर असते. आणि तपासणी सर्वांत सोपी आहे ती पुरुषाचीच. दोन ते सात दिवस संबंध टाळून लॅबमध्ये वीर्याचा नमुना द्यायचा, एवढेच. त्यात सुई नाही, भूल नाही, खर्चही फार नाही. अहवालात काही कमी दिसले, तर नमुना पुन्हा तपासतात. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून औषधाचा किंवा तंबाखू-गुटखा सोडल्याचा परिणाम दिसायला साधारण तीन महिने जावे लागतात.

स्त्रीसाठी पाळीच्या इतिहासापासून सुरुवात होते. मग सोनोग्राफी, थायरॉइड आणि इतर हार्मोन्सच्या रक्ततपासण्या, आणि गरजेप्रमाणे बीजवाहिन्या उघड्या आहेत की नाहीत हे पाहणारा एक्स-रे, ज्याला एचएसजी म्हणतात. आपल्या देशात आणखी एक कारण ध्यानात ठेवावे लागते. गर्भाशयाचा आणि बीजवाहिन्यांचा क्षयरोग खोकला-तापाशिवाय गुपचूप राहू शकतो आणि मूल होत नाही म्हणून तपासल्यावरच कळतो.

ही कारणे समजल्यावर मग काय करायचे ते ठरते. कोणाला थायरॉइडची गोळी पुरते, कोणाला क्लोमिफेनसारखे औषध, कोणाला छोटे ऑपरेशन, कोणाला आयव्हीएफ. कारण न शोधता सुरू केलेला उपचार, मग तो सुयांचा असो की गोळ्यांचा, अंधारात फेकलेला दगड असतो.

दीनच्या दृष्टीने

दुसरा प्रश्न शरीअतचा. आजारावर उपचार करावा, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. सुई हे साधन आहे. त्यात मंत्र-तंत्र नाही, अल्लाहशिवाय कोणाची आळवणी नाही, त्यामुळे तिच्यात मुळात गैर काही दिसत नाही. स्त्री उपचारक शोधावी, पडद्याची सोय आहे का ते विचारावे आणि सोबत घरातले कोणीतरी असावे. रमजानमध्ये रोजा असताना सुया घेण्याबद्दल मनात शंका असेल, तर आपल्या आलिमना विचारावे किंवा इफ्तारनंतरची वेळ घ्यावी.

आयव्हीएफबद्दलही अनेक घरांत उगाच भीती आहे. इस्लामी देशांच्या संघटनेच्या फिकह अकादमीने १९८६ साली अम्मान येथील बैठकीत यावर निर्णय दिला. बीज पती-पत्नीचेच असेल, निकाह कायम असेल आणि तिसऱ्या कोणाचे बीज किंवा गर्भाशय वापरलेले नसेल, तर गरज असताना आणि पुरेशी खबरदारी घेऊन हा उपचार करता येतो. म्हणून रुग्णालयात आपली ही अट आधीच स्पष्ट सांगावी आणि लेखी घ्यावी. २०२१च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे अशा केंद्रांना नोंदणी सक्तीची आहे, तीही पाहावी.

आणि एक गोष्ट घरातल्या मोठ्यांसाठी. हजरत झकरिया (अलै.) यांनी म्हातारपणी अपत्यासाठी दुआ मागितली आणि ती कबूल झाली, हे आपण सांगतो. पण हजरत आयशा (रजि.) यांना मूल नव्हते, हे सांगायला आपण विसरतो. त्या उम्मुल मोमिनीन आहेत, त्यांच्या ज्ञानाच्या आधारावर उम्मत आजही उभी आहे. मूल नाही म्हणून त्यांचा मान तसूभरही कमी झाला नाही. मग आपल्या घरातल्या सुनेचा का व्हावा? पतीची एकही तपासणी न करता दुसऱ्या लग्नाची भाषा ज्या घरांत सुरू होते, त्यांनी यावर विचार करावा. उंट आधी बांधायचा आणि मग तवक्कुल करायचा, हे आपल्याला माहीत आहे. लॅबमध्ये नमुना देणे हा उंट बांधण्याचाच भाग आहे.

सुया घ्यायच्याच असतील तर

• आधी दोघांच्या तपासण्या पूर्ण करा. अहवाल उपचारकांना दाखवा आणि सुया घेत असल्याचे स्त्रीरोगतज्ज्ञांनाही सांगा.

• उपचारकांची नोंदणी आहे का, ते विचारा. विचारल्यावर चिडणाऱ्याकडे जाऊ नका.

• सुई निर्जंतुक आणि एकदाच वापरायची असावी. पाकीट तुमच्यासमोर फोडले पाहिजे. एकाची सुई दुसऱ्याला वापरली तर काविळीसारखे आजार रक्तातून पसरतात.

• रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ते आधी सांगा. दिवस गेल्याची शंका असेल तर तेही सांगा. गरोदरपणात काही बिंदू टाळतात.

• चोवीस बैठकांचे पैसे एकदम भरू नका. प्रत्येक वेळचे त्या वेळी द्या.

• "डॉक्टरांची औषधे बंद करा" किंवा "शंभर टक्के गुण येईल" असे कोणी म्हणाले, तर तिथून उठा. मूल देण्याची हमी कोणीच माणूस देऊ शकत नाही.

तिसरा प्रश्न

राहिला तिसरा प्रश्न. त्याचे उत्तर आम्ही तिला असे लिहिले : नाही, भगिनी, तुमचे काही चुकत नाही. तुम्ही मुलाला नको म्हणत नाही. कारण न शोधता होणाऱ्या उपचाराला थोडे थांबा म्हणता आहात. हे पत्र हवे तर पतीला वाचायला द्या. एकटीने लढू नका.

काही आठवड्यांनी तिचे दुसरे पत्र आले, या वेळी एकच पान. तिच्या पतीने आमचे उत्तर दोनदा वाचले आणि आपल्या अम्मींना स्वतः सांगितले, "आधी माझी तपासणी होऊ दे, मग बघू." सासूबाई दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारले, "डॉक्टरांकडे कधी जायचे आहे?" मुंबईचा बेत तूर्त रद्द झाला आहे. दोघे मिळून रत्नागिरीला जाऊन आले.

अहवाल काय आला, ते तिने लिहिलेले नाही आणि आम्ही विचारलेही नाही. ती त्या दोघांची गोष्ट आहे. अल्लाह त्यांच्या वाटा सोप्या करो आणि त्यांच्या घरात आनंद देवो. आमीन.